दिवसाची शेवटची ओळ

आवक-जावक शाखेत बसणाऱ्या कोणालाही विचारा, तो कानावर हात ठेवेल. करतो मात्र रोज. संध्याकाळी टपालाची नोंदवही बंद करताना शेवटच्या नोंदीखाली क्रमांक टाकायचा, तारीख टाकायची आणि त्यांच्यापुढे अख्खी ओळ कोरी सोडायची. का, तर उद्या एखादे साहेब म्हणतील, "अहो, ते पत्र कालच गेलं होतं, तुमच्याकडून नोंदवायचं राहिलं." मग त्या पत्राला कालच्या तारखेत बसायला जागा नको? लागली तर भरायची, नाही लागली तर राहू द्यायची तशीच. मागची पानं उलटायला वेळ कोणाकडे आहे!

धनश्री धकाते नऊ वर्षं अशी ओळ सोडत होती. सिव्हिल लाइन्समधल्या त्या कचेरीत ती दोन हजार तीन साली लागली, म्हणजे जुन्या पेन्शनवाली. आवक-जावकचं टेबल मिळालं त्या दिवशी नत्थूजी नावाच्या हेडक्लार्कनं तिला शिकवलं होतं, "दिवस बंद करताना एक ओळ सोडत जाय वं बाई. कोनाची ना कोनाची सोय होते." नत्थूजी आता घरी बसून पेन्शन खातात आणि सकाळी बागेत फिरायला जातात. त्यांना कोणी काही विचारलं नाही, विचारणारही नाही.

आणि खोटं कशाला बोला, धनश्रीलाही त्या ओळीचा थोडा अभिमानच होता. मागे बायजाबाई नावाची एक विधवा बाई अर्ज घेऊन आली, ती मुदत संपल्यावर एक दिवसानं. रडकुंडीला आलेली. धनश्रीनं कोणाला न विचारता तिचा अर्ज आदल्या दिवसाच्या कोऱ्या ओळीत चढवला आणि घरी जाऊन सासूला मोठ्या कौतुकानं सांगितलं. पुण्य केल्यासारखं वाटलं होतं तिला.

मे महिन्यातल्या एका सोमवारी हरकरे साहेबांनी तिला आत बोलावलं आणि बसायला सांगितलं. बावीस वर्षांच्या नोकरीत साहेबानं बसायला सांगितल्याचे प्रसंग तिला बोटांवर मोजता आले असते, आणि त्यांतला एकही चांगला नव्हता.

मुकुंद हरकरे हे कचेरीचे प्रमुख. भोसल्यांच्या काळापासून महाल भागात राहणारं, दरबारी दप्तर सांभाळणारं घराणं. भाषा अशी की ऐकत राहावं. आवाज कधी चढायचा नाही, आणि ज्याला बुडवायचं त्यालाही ते "आपण" म्हणायचे. त्यांच्यावर विभागीय चौकशी लागली होती. कुहीकडच्या दोन गोदामांच्या दुरुस्तीचं कंत्राट ज्या कंपनीला मिळालं, तिच्यात त्यांचा मुलगा ऋषी भागीदार. मंजुरीवर सही बापाची. वर्तणुकीच्या नियमांत स्पष्ट आहे की घरच्या माणसाचा संबंध असेल तर आधी वरिष्ठांना लेखी कळवायचं आणि त्या कागदाला हात लावायचा नाही. साहेबांनी कळवलं नव्हतं.

"कळवलं होतं," साहेब म्हणाले. "बारा फेब्रुवारीला. मंजुरीच्या आठ दिवस आधी. वर पोचलं नाही, टपालात गहाळ झालं असावं, त्याला मी काय करणार? कचेरीत राहणारी स्थळप्रत आहे माझ्याकडे. फक्त त्यावर जावक क्रमांक दिसत नाही." त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला. कागद पांढराशुभ्र होता, कालच छापून काढलेला. "आपल्या वहीत बारा तारखेला जागा असेलच."

"साहेब, ते दोन वर्षांपूर्वीचं आहे."

"म्हणूनच म्हणतो. दोन वर्षांपूर्वीची जागा आज कोणाला मिळते? आपल्या मेहनतीमुळे आपल्याला मिळते." ते हसले. मग टेबलावरची पिन उचलून पिनांच्या डबीत टाकत म्हणाले, "धनश्रीताई, नऊ वर्षांत अशा किती ओळी सोडल्या असतील आपण? मी विचारत नाही. पण उद्या कोणी विचारलं तर? आपल्या त्या बायजाबाईंचं प्रकरणही मला माहीत आहे. चांगलं काम केलंत. नियमात मात्र त्याला बनावट नोंद म्हणतात, आणि त्याला बडतर्फी आहे. बडतर्फ माणसाला पेन्शन नसते, हे आपल्याला मी काय सांगायचं."

ती बाहेर आली. गुरुवारी चौकशी होती आणि तिला वही घेऊन साक्षीला हजर राहायचं होतं. टेबलावर परत बसल्यावर पहिली दहा मिनिटं तिला एकही अक्षर वाचता आलं नाही.

संध्याकाळी जेवताना सासूच्या लक्षात आलं. वच्छलाबाईंनी तीस वर्षं हातमागावर लुगडी विणली होती. आता डोळे अधू झाले होते, पण घरातलं माणूस घास फिरवत बसलंय हे त्यांना न बघताही कळायचं. "काहून नाई जेवून राहिली तू?" त्यांनी विचारलं. धनश्रीनं सगळं सांगितलं. नवरा भूपेश वाडीच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामातून नुकताच आला होता. तो हात धुता धुता थांबला.

"लिहून टाक ना मंग," तो म्हणाला. "साहेब सांगून राहिला, तुले का करायचं हाय? माहं गोदाम आज हाय, उद्या नाई. घर तुह्या नोकरीवर चालते."

"अन् उद्या पकडली तर?" धनश्रीनं विचारलं.

"साहेबाले कोन पकडते वं आजकाल?"

"साहेबाले नाई," वच्छलाबाई म्हणाल्या. "इले पकडतीन." भूपेशनं नळ बंद केला आणि ताटावर येऊन बसला.

मंगळवारी धनश्री साहेबांसमोर उभी राहिली, बसली नाही. ती म्हणाली, "साहेब, मला नाही जमणार." तिला वाटलं होतं आता वीज कोसळेल. हरकरे साहेबांनी फक्त मान हलवली. "ठीक आहे. आपली इच्छा." आणि दुसरी फाइल उघडली. एवढ्यावर सुटलो म्हणून तिला बरं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. दुपारी डबा खाताना साहेबांची स्टेनो शामला तिच्या टेबलावर आलीच नाही. बारा वर्षं दोघी एका डब्यात जेवायच्या. बायजाबाईची गोष्टही धनश्रीनं तिला डब्यावरच सांगितली होती. त्या दिवशी शामलाला म्हणे उपास होता. मंगळवारी? शामला मंगळवार कधीपासून धरायला लागली?

बुधवारी सकाळी धनश्रीनं कपाट उघडलं आणि दोन वर्षांपूर्वीची जावक वही काढली. उद्या न्यायची म्हणून पुसून ठेवावी, एवढंच मनात होतं. बारा फेब्रुवारीचं पान उघडलं आणि तिचा हात तिथंच राहिला. ओळ भरलेली होती. क्रमांक चारशे सतरा, समोर "मा. वरिष्ठ कार्यालय, गोदाम दुरुस्तीच्या निविदेतील नातेसंबंधाबाबत". निळी शाई, तिरपं, गोल अक्षर. अगदी तिचंच वाटावं असं. क्षणभर तिला खरंच शंका आली की आपणच लिहिलं की काय, मागे कधीतरी, विसरलो की काय. मग तिनं नीट पाहिलं. तिचं नव्हतं ते. कपाटाची दुसरी किल्ली साहेबांच्या केबिनमध्ये असायची, आणि केबिनच्या किल्ल्या कोण सांभाळतं हे तिला चांगलं माहीत होतं.

दिवसभर शामला तिच्या समोरून चार वेळा गेली. एकदाही वर पाहिलं नाही तिनं. धनश्रीला तिचा राग यायला हवा होता आणि आलाही. पण त्याहून जास्त भीती वाटली. बारा वर्षांचा डबा एका दिवसात तोडायला लावणारा माणूस आपल्याला काय काय करायला लावेल, हाच विचार डोक्यात घोळत राहिला. हरकरे साहेब संध्याकाळी निघताना तिच्या टेबलापाशी थांबले. "उद्या एकच प्रश्न असेल," ते अगदी मायेनं म्हणाले. "अक्षर तुमचं का? हो म्हणायचं आणि घरी जायचं."

गुरुवारी चौकशी एका रिकाम्या दालनात होती. कूलर इतका मोठ्यानं घुमत होता की बोलणाऱ्याला ओरडावं लागत होतं. चौकशी अधिकारी सुभेदार आडनावाचे निवृत्त गृहस्थ होते, मानधनावर नेमलेले. समोर हरकरे साहेब, इस्त्रीचा सदरा, हात गुडघ्यांवर. कोपऱ्यात टंकलेखक. आरोपी कोण आणि साक्षीदार कोण, हे नव्या माणसाला सांगता आलं नसतं, कारण घाम फुटला होता तो धनश्रीला.

"ही वही तुमच्या ताब्यात असते?" सुभेदारांनी विचारलं.

"हो साहेब."

"बारा फेब्रुवारी, क्रमांक चारशे सतरा. ही नोंद पाहा. अक्षर तुमचं आहे?"

हरकरे साहेबांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते शांतपणे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. हो म्हटलं की संपलं. नोकरी राहते, पेन्शन राहते, भूपेशचं गोदाम बंद पडलं तरी चूल पेटते. धनश्रीला सासूचं वाक्य आठवलं नाही की देव आठवला नाही. तिला फक्त प्रचंड संताप आला. आपल्या हातासारखा हात करून, आपल्या कपाटातून, आपल्या वहीत!

"नाही साहेब. अक्षर माझं नाही. ती ओळ मी कोरी सोडली होती."

"कोरी? का?"

"रोज सोडते. नऊ वर्षं सोडते. तसंच शिकवलं होतं."

"मग हे कोणी लिहिलं?"

"मी पाहिलं नाही. जे पाहिलं नाही ते मी सांगणार नाही."

सुभेदारांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग टंकलेखकाकडे वळून ते सांगू लागले, "साक्षीदार कबूल करतात की जावक वहीत त्या गेली नऊ वर्षं नियमितपणे कोऱ्या ओळी सोडत असत. सदर वही त्यांच्याच ताब्यात असे. नोंद क्रमांक चारशे सतरा वहीत असल्याचे साक्षीदारास मान्य आहे." कळफलक खडखडला. पान छापून आलं आणि तिच्यापुढे ठेवलं गेलं. "करा सही."

तिनं पान वाचलं. बावीस वर्षं कागद वाचायचीच नोकरी होती. "साहेब, अक्षर माझं नाही म्हणाले, ते यात नाही."

"ते आलंच की त्यात, बाई."

"नाही आलं."

"हे बघा, मला दुपारची गाडी आहे. सही करायची नसेल तर 'साक्षीदाराने सही नाकारली' असं लिहितो. मग तुमची साक्षच उरणार नाही. चालेल?"

आता तिला सगळं लख्ख दिसलं. सही केली तर गुन्हा फक्त तिचा. नाही केली तर नोंद खरी आणि साहेब सुटले. दोन्ही दारं एकाच माणसानं बंद केली होती, आणि तो समोर बसून कॅलेंडर बघत होता. मग तिनं पेन उचललं. सहीच्या जागेवर न थांबता तिनं छापील मजकुराखाली स्वतःच्या हातानं लिहायला घेतलं: "माझे पुढील उत्तर वर घेतलेले नाही. नोंद क्रमांक चारशे सतराचे अक्षर माझे नाही. ती ओळ मी कोरी सोडली होती. हे पत्र नोंदवण्यास मला सोमवारी हरकरे साहेबांनी सांगितले, मी मंगळवारी नकार दिला." खाली सही, तारीख, वेळ.

"अहो, हे काय करता!" हरकरे साहेब उठून उभे राहिले. त्यांचा चढलेला आवाज त्या कचेरीत पहिल्यांदाच ऐकू आला. कूलरच्या वर गेला तो. टंकलेखकानं दचकून मान वर केली.

सुभेदारांनी पान ओढून घेतलं. वाचलं. फाडता येत नव्हतं, सही झाली होती, आणि दालनात तिघांनी ती होताना पाहिली होती. "बाई," ते शेवटी म्हणाले, आणि आता त्यांच्या आवाजात घाई नव्हती, "यांचं काय होईल ते वरचे ठरवतील. फार तर वेतनवाढ थांबेल. तुमच्यावर मात्र उद्याच दोषारोपपत्र निघणार. नऊ वर्षांच्या ओळी, तुमच्याच तोंडून. हे तुम्ही स्वतःच्या हातानं लिहून दिलंत. समजतंय ना?"

"समजतंय साहेब."

"मग जा आता."

ती गेली नाही. डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं, पण ती टेबलापाशीच उभी राहिली. "मला याची प्रत द्या," ती म्हणाली. "पोचेच्या सहीची. आजच्या तारखेची."

सुभेदारांनी हरकऱ्यांकडे पाहिलं. टंकलेखक उठला आणि प्रत काढायला गेला. प्रत येईपर्यंत ती तिथं उभी होती. मग सुभेदारांनी सही केली, आणि तिनं तारीख वाचूनच तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.