बारावं नाव

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात प्राचार्यांनी संगीत विभागाला सांगून टाकलं, की यंदा बी.ए.ला बारा नावं आली नाहीत तर विषय बंद. अकरा आली होती.

अबोली त्या विभागात सात वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होती. म्हणजे जितके तास घ्यायचे तितक्याचेच पैसे, उन्हाळ्यात काहीच नाही, आणि जे मिळायचं तेही चार-पाच महिन्यांनी एकदम. एम.ए.ला ती पहिली आली होती, नेटही पास होती. वडील, श्रीधरराव, सुरुवातीला दर जूनमध्ये विचारायचे, "यंदा कायम करतील का गं?" गेली दोन वर्षं त्यांनी विचारणं सोडलं होतं.

शनिवारी दुपारी इतवारी बाजारातले भांड्यांचे व्यापारी रुपराव डहाके मुलीला घेऊन आले. मुलीचं नाव सोनिका. विभागप्रमुख पुष्पलता मॅडम अबोलीच्या कानाशी येऊन म्हणाल्या, "तूच बोल. तुला समजावता येतं. आणि हे नाव सोडू नकोस."

रुपरावांनी खुर्ची ओढली आणि सरळ मुद्द्यावर आले. "मॅडम, पोरगी चांगली गाते, मी नाही म्हनत नाही. पन तीन वर्सं बी.ए., दोन वर्सं एम.ए. माह्या भाच्यानं बी.कॉम. केलं, कम्प्युटरचा कोर्स केला, मिहानमधल्या आयटी कंपनीत लागला. बावीस हजार घेऊन राहिला. हे पाच वर्सं करून पोरीले काय भेटन?"

उत्तर तयार होतं. शाळेत शिक्षिका, आकाशवाणी, स्वतःचे क्लास, कार्यक्रम. त्या आठवड्यात चार पालकांना अबोलीने ते सांगितलं होतं. आताही सांगितलं. बसस्टँडवर कुणीतरी गाड्यांची नावं पुकारावीत तसा स्वतःचा आवाज तिला ऐकू येत होता.

रुपरावांनी सगळं ऐकून घेतलं. "हे झालं लोकाईचं. तुमचं सांगा. राग नका मानू, पन तुमाले किती भेटते?"

पलीकडच्या टेबलावर पुष्पलता मॅडमचं पेन थांबलं.

आता लाज वाटेल, असं अबोलीला वाटलं. पण तसं काही झालं नाही.

"मागच्या वर्षी एक लाख बारा हजार मिळाले."

"महिन्याले?" रुपराव दचकले.

"वर्षाचे."

"आमच्या दुकानातल्या पोऱ्याले बी..." एवढं बोलून रुपराव गप्प झाले. तेवढी त्यांना भीड होती.

"बाबा, एकदा गाऊ तर द्या मले," सोनिका म्हणाली, आणि परवानगीची वाट न बघता तिने भूप सुरू केला. पेटी नाही, तानपुरा नाही. दमसास लांब होता, आणि गंधार जिथे लागायला हवा तिथेच लागत होता. पूर्वी असा गंधार ऐकला की अबोलीच्या अंगावर काटा यायचा. आता, पेपर तपासताना बरोबर उत्तरापुढे खूण करावी, तेवढंच तिच्या मनात झालं.

"चांगली गाते," ती म्हणाली.

"हो ना. मंग?"

"गाणं शिकवा तिला. पण पोटासाठी दुसरं काहीतरी असू द्या."

हे बोलायचं तिने ठरवलं नव्हतं. रुपरावांनी गुणपत्रिका फाइलमध्ये परत ठेवली, हात जोडले आणि उठले. जिन्यापर्यंत गेलेली सोनिका एकटीच मागे आली.

"मॅडम, काहून खरं सांगितलं? थोडं वाढवून सांगितलं असतं तर कोणाचं काय गेलं असतं?"

"त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं," अबोली म्हणाली.

पुष्पलता मॅडम रागावल्या नाहीत. "माझी दोन वर्षं राहिलीत. मला कुठेतरी सामावून घेतील," त्या म्हणाल्या. "तुझं काय?"

बारावं नाव आलं नाही. जुलैत नोटीस लागली. अकरा जणांपैकी काही राज्यशास्त्राकडे गेले, काही गृहअर्थशास्त्राकडे. तानपुरे, पेट्या, तबले कपाटात गेले. त्यांची यादी अबोलीने केली, खाली सही केली आणि किल्ली ऑफिसात दिली. घरी सांगितल्यावर श्रीधररावांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "जेवून घे."

ऑगस्टमध्ये रुपरावांचा फोन आला. "मॅडम, पोरगी बी.कॉम.ले लागली, पन गानं सोडलं तिनं. जेवते, कॉलेजले जाते, मोबाईल घेऊन बसते. तुमी घरी येऊन शिकवा. हप्त्यातून तीन दिवस. महिन्याले बारा हजार देतो."

कॉलेजपेक्षा जास्त होते. अबोली हो म्हणाली.

दुकानाच्या वरच घर. खाली हातगाड्या आणि टेम्पोंची भांडणं चाललेली. सोनिका वही उघडून बसायची आणि सांगितलं तेवढं गायची. सूर पक्के, पण त्यात जीव नाही. अबोलीला ते ओळखीचं होतं.

तिसऱ्या आठवड्यात सोनिकाने विचारलं, "बाबा तुमाले कॉलेजपेक्षा जास्त देते का?"

"हो."

"मंग बरं झालं तुमचं." त्यात टोमणा नव्हता.

"आणि तुझं?"

सोनिकाने वही मिटली.

काय शिकवावं ते अबोलीला कळेना, म्हणून ती नुसतीच गायला लागली. स्वतःसाठी ती कित्येक महिन्यांत गायली नव्हती. वरच्या सा-वर आवाज फाटला.

सोनिकाने मान वर केली. "लागला नाही."

"नाही लागला."

"परत लावा."

अबोलीने परत लावला. पुन्हा निसटला. तिसऱ्यांदा जेमतेम टेकला आणि घसरला. सोनिका पुढे सरकून बसली होती.

"मी लावून पाहू?"

"लाव," अबोली म्हणाली.