डोळे भरणारे काका

"बाई, हा जिवाणू म्हणजे झाडाचा घरजावई का?"

प्रश्न माझा नव्हता. मागच्या बाकावरच्या तिघींनी पैज लावली होती की पाहुण्यांसमोर हे विचारायची माझी छाती होणार नाही. आणि अलीकडे कुणी 'तुला नाही जमणार' म्हटलं की माझे पाय मला न विचारताच उभे राहतात. वर्गात खसखस पिकली. आमच्या विज्ञानाच्या बाईंनी डोळे वटारले. पण मातीतल्या जिवाणूंवर बोलायला आलेल्या पाहुण्या बाई खडू हातात धरून खरोखर विचार करू लागल्या.

"घरजावई परवडला," त्या म्हणाल्या. "तो सासरी शिजेल ते खातो. हा स्वयंपाकघराचाच ताबा घेतो. आपल्या डीएनएचा एक तुकडा झाडाच्या पेशीत सोडून देतो. त्या तुकड्यात हुकूम असतात: वाढत राहा, थांबू नकोस, आणि मला आवडतं तेच रांध. पेशी बिचारी भोळी. तिला वाटतं, हे आपल्याच घरचं आहे. ती इमानेइतबारे वाढते, रांधते. त्याची होते गाठ. मुळापाशी, लाकडासारखी टणक."

'गाठ' म्हटल्याबरोबर तिघींनी मला पाठीत ढोसलं. "अगं, तुमचा गाठोबा," एक कुजबुजली.

गाठोबा म्हणजे माझे थोरले काका. हे नाव मीच ठेवलेलं.

आमची गुलाबांची रोपवाटिका आहे. तिथे काका डोळे भरायचे. डोळे भरणं म्हणजे रडणं नव्हे, हे मला प्रत्येक नव्या मैत्रिणीला समजावून सांगावं लागतं. रानगुलाबाच्या खुंटाला, म्हणजे मुळं धरलेल्या जाड काडीला, सुरीने चीर द्यायची, साल हळूच उचलायची आणि चांगल्या गुलाबाचा डोळा, म्हणजे जिथून कोंब फुटतो ती जागा, ढालीसारखी कापून त्या सालीखाली सरकवायची. वरून प्लास्टिकची पट्टी बांधायची. बाबांचं लग्न व्हायच्या आधीपासून काका हेच करत होते. त्यांनी स्वतः लग्न केलं नाही, दुसरं काही शिकले नाहीत, कुठे गेलेही नाहीत. लोक म्हणायचे, यांच्या हाताला गुण आहे. काकांनी वाळलेली काडी रोवली तरी तिला पालवी फुटेल.

मग गेल्या वर्षी त्यांच्या रोपांना गाठी आल्या. एकेक करत अख्खा वाफा. बाबांनी पुष्कळ दिवस तसेच काढले आणि शेवटी चहा पिता पिता, कपातच बघत म्हणाले, "दादा, तुझा हात गेला रे. थोडे दिवस पाण्याची नळी धर."

काका भांडले नाहीत. त्यांनी आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. कुणाची वस्तू चुकून आपल्याकडे राहिली असावी, तसे. तेव्हापासून ते लांबून पाणी घालतात. एका हातात नळी, दुसरा हात पाठीमागे. झाडाला बोट लावत नाहीत.

त्यांची सुरी माझ्याकडे आली. तिच्या मुठीला त्यांच्या अंगठ्याचा खोल खळगा पडलाय. माझा अंगठा त्यात गडप व्हायचा, म्हणून मी खळग्यात चिंधी भरून वरून चिकटपट्टी गुंडाळली. माझे पहिलेच डोळे लागले. पहिल्याच फटक्यात. बाबा आल्यागेल्याला सांगत सुटले, "पोरीच्या हातात आलाय बघा गुण." काकांची रोपं उपटून रिकाम्या झालेल्या वाफ्यातच माझ्या ओळी होत्या, त्यांना मी लाल दोरे बांधले. वर्गात प्रश्न विचारणारी, स्पर्धेत भाषण ठोकणारी, आरशासमोर उगीच मान उडवणारी जी मी आहे ना, ती त्या दोऱ्यांपासूनची. आणि त्याच भरात एकदा मैत्रिणींना रोपवाटिका दाखवताना मी म्हणाले, "आणि हे आमचे गाठोबा." काका हसले. नळी वर करून म्हणाले, "हजर." मग काय, ते नाव चिकटलंच. बाबासुद्धा म्हणायला लागले.

मी अजून उभीच होते. पुढचा प्रश्न मात्र माझा होता.

"तो झाडात शिरतो कुठून?"

"जखमेतून. धडधाकट सालीपुढे त्याचं काही चालत नाही. जखमेतून रस पाझरतो, त्याचा सुगावा लागून तो येतो. कलमाची चीर म्हणजे त्याला उघडं दार."

"आणि बागेत मुळात येतो कसा?"

"पुष्कळदा बाहेरून आणलेल्या रोपांबरोबर. मुळांना लागलेल्या मातीतून. रोपं वरून ठणठणीत दिसतात, कुणाला संशयही येत नाही. मग तीच सुरी न पुसता एका झाडावरून दुसऱ्यावर."

"पण समजा, डोळे भरणाऱ्याच्या हाताचा गुण गेला असेल तर?"

पाहुण्या बाई गोंधळल्या. "हाताचा काय संबंध? हात कुणाचाही असो."

मी खाली बसले. "जिंकलीस," तिघी म्हणाल्या. मला ऐकूच येईना.

गाठी यायच्या आधी बाबांनी खुंटांनी भरलेला एक टेम्पो उतरवून घेतला होता. काका म्हणत होते, "मुळं धुऊन बघू दे आधी. कुणाच्या मातीतले आहेत कोण जाणे." टेम्पोवाला घाईत, बाबा त्याच्याहून घाईत. "बघत बसलास तर तो निघून जाईल, दादा." मी तिथेच पायरीवर बसून पेरू खात होते. आणि माझ्या ओळीही त्याच टेम्पोतल्या खुंटांच्या.

शाळेतून आले ती गणवेशातच वाफ्यात गेले. टोकाचं रोप, लाल दोरा, दोन कळ्या. उपटलं. माती झटकली.

मुळाच्या माथ्यावर सुपारीएवढी गाठ होती.

आता खरी गोष्ट सांगते. मी ते रोप पुन्हा खड्ड्यात ठेवलं, बुटाने माती दाबली, आणि कुणी बघतंय का ते पाहिलं. काका बघत होते. पाठीमागे हात, पुढे नळी.

"उपटलंस कशाला गं?"

"सहज."

त्यांनी नळी खाली टाकली. वाकले. हात पुढे गेला, मातीच्या वर थांबला आणि मागे गेला. मग त्यांनी चपलेच्या टोकाने माती सारली. गाठ दिसली. ते गाठीकडे कमी आणि लाल दोऱ्याकडे जास्त बघत राहिले.

"या ओळीला पाणी मीच घालतो," ते म्हणाले. "मागे नळी अडकली होती, तेव्हा सोडवताना हात लागला होता माझा. त्यानेच झालं असणार."

"काका, हाताने नाही होत ते. आज शाळेत—"

"तुला नाही कळायचं. झाडाला कळतं." मग आवाज खाली आणून, "दोरा सोडून टाक. बाबाला म्हणावं, गाठोबाच्या वेळचं राहिलेलं एक सापडलं. नवीन हात आहे तुझा, त्याला नाट नको लागायला."

आणि ते नळावर हात धुवायला गेले. साबणाने, कोपरापर्यंत. हात लागला नव्हता कशालाही.

मी दोरा सोडला. सोडला आणि दप्तराच्या खिशात टाकला. एवढासा दोरा, वजन ते किती. पण पायऱ्या चढताना दप्तर आज काही केल्या खांद्यावर राहीना.

जेवायच्या वेळी आई पानं घेत म्हणाली, "काय, आज शाळेत काय दिवे लावलेस?" मी बाहेर गेले, रोप पुन्हा उपटलं, त्याला लाल दोरा बांधला आणि ते वर्तमानपत्रावर बाबांच्या ताटाशेजारी ठेवलं.

"अन्नाशेजारी माती?" आई म्हणाली.

बाबांनी गाठ पाहिली. "गाठोबाच्या वेळचं राहिलं असेल एखादं."

"दोरा बघा, बाबा. माझं आहे."

मग मी सगळं सांगितलं. घरजावई, चीर, रस, सुरी, टेम्पो. भाषणात मी कधी अडखळत नाही. इथे प्रत्येक वाक्याला अडखळले.

"अगं, एखादं निघायचंच," बाबा म्हणाले. "तुझी बाकीची लागलीत ना?"

"काकांचीही लागायची, बाबा. खुंट मुळं न धुता आपण घेतले. सुरी त्यांनी न पुसता फिरवली, मीही तशीच फिरवली. माझ्या गाठी फक्त उशिरा दिसल्या. हात गेला नव्हता त्यांचा. वाफा गेला होता. तो सगळा उपटून जाळावा लागेल, माझ्या ओळींसकट."

बाबा रोप हातात घेऊन फिरवत राहिले. त्या दिवशी चहाच्या कपात बघत होते तसंच. आई हळूच म्हणाली, "टेम्पो लवकर मोकळा करा, असं मीच म्हणत होते तेव्हा." आणि दाराकडे बघत, "भाऊजींना कोण सांगणार हे?"

बाहेर नळ चालू होता. जेवायला बसण्याआधी काका हात धूत होते. हल्ली त्यांना फार वेळ लागतो.

मी सुरी काढली आणि मुठीवरची चिकटपट्टी नखाने उकलायला घेतली. पट्टी निघाली, चिंधी निघाली, खाली खळगा तसाच होता, गुळगुळीत.

"उद्यापासून डोळे काका भरतील," मी म्हणाले. "नव्या मातीत, धुतलेल्या खुंटांवर. पट्ट्या मी बांधीन. प्रत्येक चिरेनंतर सुरी स्पिरिटमध्ये बुडवायचं कामही माझं. आणि गाठोबा हे नाव मी ठेवलंय, ते मीच परत घेणार आहे. आत्ता, नळावर जाऊन. आम्ही दोघं येईपर्यंत तुम्ही जेवायला थांबा."