रंगाऱ्याची जीभ

“मीठ कमी हाय. अजून मूठभर टाक.”

अब्बांचा हा आवाज मी लहानपणी रोज सकाळी ऐकला. परक्याला वाटावं, घरात रस्सा शिजतोय. शिजत असायचा रंग. जुन्नरच्या बाजारातल्या बोळात आमची कढई. तिच्यात सुताच्या लडी, ओढण्या, विटलेल्या साड्या. सुतावर रंग चढायला मीठ लागतं, आणि ते किती पडलं हे अब्बा बोट बुडवून, जिभेला लावून ठरवायचे. मग थुंकायचे. पण सगळं कुठं थुंकलं जातं?

पुढं बिनानावाच्या स्वस्त पुड्या आल्या. त्यातल्या काही रंगांवर, कॅन्सर होतो म्हणून, बंदी आलेली. पुडीला नावच नाही तर बंदी कशावर? जीभ तीच राहिली.

२००४ साली अब्बांना लाल लघवी व्हायला लागली. दुसऱ्या घरी बोंब झाली असती. आमच्या घरी कुणी वळूनही पाहिलं नाही. अम्मा त्यांचा पायजमा घासता घासता म्हणायची,

“रंगाऱ्याची बाई मी गं, मोरीला माझ्या सात रंग,
कुठला रंग कुणाचा, पुसू नये कुणी मग.”

अब्बाही हसायचे. “रंगाऱ्याचं पाणी रंगीतच असायचं.” वर्षभर असं हसण्यात गेलं.

मूत्राशयात गाठ निघाली. खरवडून काढली. अब्बा पुन्हा कढईपाशी. गाठ पुन्हा आली, ती स्नायूत उतरलेली. २००६च्या डिसेंबरात आम्ही त्यांना दफन केलं.

अब्बांच्या चाळिसाव्या दिवसाच्या फातिह्यानंतरच्या सकाळी मी अंगणात आले, तर रिजवान, माझा धाकटा भाऊ, कढईत बोट बुडवून तोंडाशी नेत होता. मी त्याच्या हातावर फटका मारला.

“आली पुण्याची डॉक्टरीण!” तो म्हणाला.

“डॉक्टर नाही मी. प्रयोगशाळेत काम करते. असल्याच गाठींचे तुकडे रोज हातात असतात माझ्या. चल माझ्याबरोबर. तपासून घे.”

“मला काय झालंय? बैल हाय मी बैल.”

“अब्बापण बैलच होते!”

अम्मा दारात येऊन उभी राहिली. मला आवाज खाली घ्यायचा नव्हता.

“ऐक. शरीरात गाठीला अडवणारी जनुकं असतात, राखणदारासारखी. ती मोडावीच लागतात असं नाही. त्यांच्यावर बारीक रासायनिक खुणा बसत जातात, अक्षरांवर शेवाळ बसावं तशा. जनुक आतून शाबूत, अक्षर न अक्षर जागच्या जागी, पण पेशीला ते वाचता येत नाही. ते गप्प होतं. एक गप्प झालं, दुसरं झालं, की गाठीला रान मोकळं. ती अस्तर सोडून स्नायूत शिरते. अब्बांचं असंच झालं. लवकर सापडलं असतं, तर बाहेरच्या बाहेर काढता आलं असतं!”

“लई शिकलीस, आपा. मंग कढई कोण लावणार, तुझी जनुकं?”

मी मिठाचं पोतं उचललं आणि गटारात उलटं केलं. आयुष्यात पहिल्यांदा इतका राग आला होता. त्या पुड्यांचा, त्या हसण्याचा, पुण्याहून घरी आल्यावर मोरीकडं न बघितलेल्या माझ्या डोळ्यांचा.

“घाल शिव्या,” मी म्हणाले. “पण तुझा जनाजा बघायला मी येणार नाही, रिजवान. एकदा बघितला. पुन्हा नाही.”

त्यानं बोटावरचा रंग सदऱ्याला पुसला, पुन्हा पुसला. अम्मा आत गेल्याची खात्री करून घेतली.

“रमजानपासनं, आपा,” तो हळू म्हणाला. “मलाबी लाल जातंय. अब्बा पडून व्हते, तवा कुणाला सांगू? अम्माला दिसू नये म्हणून घरच्या मोरीत जातच न्हाई मी. मशिदीच्या मुतारीत जातो.”