टाकीच्या पाण्याची बातमी

त्या उन्हाळ्यात जानरावच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली होती. श्यामराव तुरुंगात गेले, तर ते आपल्यामुळे जातील.

भिलाईत तेव्हा कारखान्याचे पाये खणणं चालू होतं. जानराव भंडाऱ्याकडून आला आणि बाबुलाल ठेकेदाराकडे पंपखलाशी म्हणून लागला. पायाच्या खड्ड्यात साचलेलं पाणी पंपानं उपसायचं, टँकरमध्ये भरायचं, आणि ते नव्या काँक्रीटवर मारलं जायचं. पण एप्रिल लागला, पिण्याच्या पाण्यासाठी विहिरीपर्यंत टँकर न्यायचा बाबुलालला कंटाळा आला, आणि खड्ड्याचंच पाणी मजुरांच्या कॅम्पातल्या टाकीत पडू लागलं. पाईप जानरावच्या हातात असायचा. आठ दिवसांत कॅम्पात हगवण पसरली. त्याची लेक कांताही पडली.

तेव्हा एका रविवारी तो दुर्गला गेला. तिथं श्यामराव ‘भट्टी’ नावाचं चार पानांचं साप्ताहिक काढत. तीन पानं हिंदी, शेवटचं मराठी. जानरावनं त्यांच्यासमोर बसून सगळं ओकून टाकलं. बायको असताना बाबुलालनं राजनांदगावला दुसरं घर केलं आहे, हेही रागाच्या भरात सांगितलं.

श्यामरावांनी पेन थांबवलं. “ते त्याच्या घरचं. पाणी लोकांचं. मी पाण्याचं लिहीन.”

“अन् माझं नाव?”

“ते माझ्याजवळ राहील.”

छापण्याआधी ते स्वतः कॅम्पात आले, टाकीचं झाकण काढून आत पाहिलं, आणि बाबुलालचं म्हणणं विचारायला गेले. बाबुलालनं हाकलून दिलं. तेही त्यांनी बातमीत लिहिलं.

कॅम्पात पेपर वाचायची ती भीमाबाई. पन्नाशीची ही बाई संध्याकाळच्या वर्गात नुकतीच अक्षरं शिकली होती. पेपरात काय वाचायचं आणि काय सोडायचं हे तिला माहीत नव्हतं, म्हणून ती मथळ्यापासून तळाच्या छापखान्याच्या पत्त्यापर्यंत आणि नोंदणी नंबरापर्यंत एकूण एक शब्द वाचायची. नंबर आला की बसलेली माणसं सरळ होऊन बसत. नंबर म्हणजे सरकारी हुकूम, असा सगळ्यांचा समज, आणि भीमाबाईचाही. टाकीचं पाणी पिण्यालायक नाही, हे नंबरासकट ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी सगळ्या बाया घागरी घेऊन जुनवानी गावच्या विहिरीवर गेल्या. अर्धा दिवस काम बंद पडलं. बाबुलालनं श्यामरावांवर बदनामीचा खटला भरला.

दुर्गच्या कोर्टात श्यामरावांना विचारलं, ही माहिती कोणी दिली? ते म्हणाले, “नाव सांगणार नाही. शिक्षा होत असेल तर मला करा.”

मागच्या बाकावर बसलेल्या जानरावची मान खाली गेली. बाहेर ओसरीत श्यामरावांचे वकील भैय्याजी कोणाला तरी समजावत होते, “कायद्यात वाट आहे. लिहिलेलं खरं पाहिजे, आणि ते सांगण्यात लोकांचं हित पाहिजे. दोन्ही पाहिजे. पण खरं कोण सांगेल? ज्यानं ते पाणी भरलं तो काही पुढे येणार नाही.”

घरी येऊन जानरावनं हे बायकोला, पंचफुलाला सांगितलं. ती भाकर थापत होती.

“मंग तुम्ही सांगता का मी जाऊ?”

“नोकरी जाईन आपली. मलेच धरतीन. पाईप माझ्या हातात होता.”

“हात तुमचा, हुकूम त्याचा. कांताचे बाबा, तो माणूस आपल्यासाठी काहून तुरुंगात बसन? त्याले लेकरंबाळं नाईत का?”

पुढच्या तारखेला जानराव साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला. “साहेब, खड्ड्याचं पाणी टँकरात मीच भरलं. श्यामरावजीले मीच सांगितलं.”

बाबुलालचा वकील हसला. “म्हणजे लोकांना घाण पाणी तूच पाजलंस?”

“हो. म्हणूनच सांगून राहिलो.”

वकिलानं मग दुसरीकडून धरलं. बातमी खरी असेल, पण तिच्यानं लोक घाबरले, देशाच्या कारखान्याचं काम बंद पडलं, यात कसलं हित? भीमाबाई साक्षीला आली तेव्हा त्यानं तिलाच विचारलं, “हा सरकारी हुकूम आहे असं तुम्ही लोकांना सांगितलं?”

“सांगितलं ना.”

भैय्याजींनी कपाळाला हात लावला.

“खोटं सांगितलं?”

“खोटं कायचं बाप्पा! खाली नंबर होता. मले हुकूमच वाटला.” कोर्टात हशा पिकला. भीमाबाई हसली नाही. “मंग वर्गाच्या मास्तरनं समजावलं, मावशी, हा हुकूम नाई, बातमी हाय. तवा मी मनात म्हटलं, मंग हुकूम काहून नाई आला? आमचे लेकरं दोन हप्ते पडून होते. कोणी आलं नाई. बातमी आली, अन् आमी विहिरीचं पाणी पेलो. हप्त्याभरात लेकरं उठून खेळाले लागले. आता यात हित कोणतं ते तुम्ही शिकलेले माणसं सांगा.”

मॅजिस्ट्रेट साहेबांनी हात वर करून हशा थांबवला. त्यांनी तिला ते पुन्हा सावकाश सांगायला लावलं, आणि शब्दन् शब्द लिहून घेतला.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. बातमी खरी होती आणि ती छापणं लोकांच्या हिताचं होतं, म्हणून श्यामराव सुटले. साक्ष झाली त्याच दिवशी बाबुलालनं जानरावला कामावरून काढलं होतं. झोपडीही गेली. पण रेल्वेच्या लाइनीवर हातकामाला खलाशी लागत होते, तिथं त्याला काम मिळालं, आणि रुळाच्या कडेला पंचफुलानं नवा संसार मांडला.

एका सकाळी श्यामराव सायकलवर तिथं आले. जानराव त्यांच्या पायाशी वाकणार, तोच त्यांनी त्याचे दोन्ही खांदे धरले.

“उपकार तुझे आहेत, बाबा. मी फक्त लिहिलं. पोट तू पणाला लावलंस.”

“तुमी माझं नाव सांगून मोकळे झाले असते,” जानराव म्हणाला.

आतून पंचफुलानं घासून लखलखीत केलेला लोटा आणला. या माणसाच्या जातीचे लोक आपल्या हातचं पीत नाहीत, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. ती जरा अडखळली. “पाणी पेता का?”

श्यामरावांनी लोटा घेतला, घटाघटा रिकामा केला, आणि परत पुढे धरला.

“अजून द्या, वहिनी. लांबून आलो.”