टिकून राहण्याचा रकाना

“इम्प्रूव्ह्ड म्हणजे काय हो, ताई?” सुतारकाकांच्या बायकोने ताईंना दाराशी ओढून हळूच विचारलं.

“सुधारणा आहे, असं.”

“मग लिहा की! तुमच्या खिशातलं काय जातंय?”

ताईंनी हातातल्या फॉर्मकडे पाहिलं. बावीस वर्षं त्या या हॉस्पिटलात लकवा झालेल्यांचे व्यायाम घेत होत्या आणि फॉर्मवर खोटी खूण त्यांनी एकदाही केली नव्हती. सुतारकाकांचा उजवा हात टेबलावर पडला होता. रोज ताई त्याचं एकेक बोट उलगडायच्या आणि दुसऱ्या दिवशी मूठ पुन्हा मिटलेली. व्यायाम थांबला असता, तर तो हात पार आखडला असता. पण फॉर्मवर चौकटी दोनच, ‘इम्प्रूव्ह्ड’ आणि ‘नॉट इम्प्रूव्ह्ड’. माणूस आहे तिथे टिकून राहिला, याला रकानाच नाही! हा फॉर्म काढणाऱ्या शहाण्याने उभ्या जन्मात कुणाचं एक बोट तरी सोडवलं असेल का?

‘नॉट’वर लागोपाठ तीन आठवडे खूण पडली की केस बंद. हा तिसरा आठवडा होता. घरी व्यायाम घेणार कोण? काकूंचे स्वतःचेच खांदे वर होत नव्हते. ताईंनी दातओठ खात ‘इम्प्रूव्ह्ड’वर खूण केली.

दुपारी विभागाच्या मॅडमनी बोलावलं. “छान! सुधारणा आहे, म्हणजे आता घरीच करतील. जागा मोकळी करा, चाळीस जण थांबलेत.”

“मॅडम, सुधारणा नाहीये. मी नुसतीच खूण केली.”

“खोटी? मग ‘नॉट’ करा. केस तरीही बंदच होणार ना?”

ताईंच्या डोळ्यांत रागाने पाणी आलं. खरं लिहा, बंद. खोटं लिहा, बंद. बावीस वर्षांचा खरेपणा गेला, तोही फुकट!

“राहू दे तसंच,” त्या म्हणाल्या.

बाहेर येऊन त्यांनी सांगितलं, “काका, सुधारणा आहे. उद्यापासून यायला नको.”

काकू काय समजायचं ते समजल्या आणि खाली बघत राहिल्या. काकांचा चेहरा मात्र उजळला. “म्हणजे… मी सुधारलो?” जीभ अडखळत होती.

ताईंनी मान हलवली. हे खोटं त्यांना मुळीच जड गेलं नाही.

कारकुनाने रजिस्टर पुढे सरकवलं, शाईची डबी उघडली. “अंगठा द्या.”

“अंगठा नको. सही.” काकांनी डाव्या हाताने उजवा उचलून कागदावर ठेवला.

ताईंनी बोटं उलगडून मधे पेन धरलं. बोटं आपोआप मिटली. मागे रांग खोळंबली होती. खांद्यापासून जोर लावत काकांनी कागदभर एक वाकडी रेघ ओढली.

“नीट आली?”

“आली.”

पेन काढून घ्यायला कारकुनाने हात पुढे केला. ताईंनी तो अडवला. काकांना अजून खाली तारीख घालायची होती.