अठ्ठाविसाव्या दिवसाची खाट

शिंपीकाका सकाळी आठपासून खुर्चीत बसून होते. आता दोन वाजत आले होते. पाय सुजून चपलेत मावेनात, बोलताना दर दोन शब्दांनी धाप. सुईदोऱ्यात गेलेला जन्म, जगाची उसवण शिवता शिवता आतून उसवत आलेला. आणि समोरच वॉर्डात सात खाटा रिकाम्या, चादरी अशा ताणलेल्या की सुरकुती म्हणून नाही.

"सिस्टर, बाबांना खाटेवर टेकू तरी द्या," लेक तिसऱ्यांदा म्हणाली.

सिस्टर काय सांगणार? सरकारी विमा पूर्वी दिवसागणिक पैसे देई, तेव्हा बऱ्या झालेल्या माणसालाही दवाखाना सोडत नसे. आता एका आजाराला एकच ठरलेली रक्कम, म्हणून गेल्या खेपेला काकांना चौथ्याच दिवशी, पायांत पाणी असतानाच, घरी धाडलं. आणि तोच रुग्ण तीस दिवसांच्या आत पुन्हा दाखल झाला तर दवाखान्याला छदाम नाही, वर दंड. डॉक्टरांच्याही पगाराला कात्री. काकांना घरी जाऊन आज अठ्ठाविसावा दिवस होता. गादीला पाठ टेकली की 'दाखल', खुर्चीत असेल तर नुसतं 'निरीक्षण'.

नियम म्हणत होता, माणूस अर्धवट बरा करून पाठवू नका. दवाखान्याने त्यावर उपाय म्हणून खुर्च्या विकत घेतल्या.

"जन्मभर लोकांना उभं करून मापं घेतली," काका धापत म्हणाले. "तुम्ही बसवून घेताय. कंबर चुकेल बघा."

बोटाला लावलेलं यंत्र रक्तातला प्राणवायू ब्याऐंशीवर उतरलेला दाखवत होतं. सिस्टर तडक डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"खुर्चीवरच औषध देऊ ना, दोनच दिवस," बाई खालमानेने म्हणाल्या. "या महिन्यात माझे तीन रुग्ण परत आलेत, सिस्टर."

"आपण हाकलले म्हणून आले. बाई, तुमचा पगार कापतील, मला कळतं. पण एक तर दाखल करून सही करा, नाहीतर लिहा की खाट रिकामी होती आणि दिली नाही. खाली वेळ घाला."

बाईंनी दाखल करायच्या कागदावर सही केली.

काकांना उशाशी उंच केलेल्या खाटेवर घेतलं, नाकाला प्राणवायू लावला, सलाईनमधून औषध सुरू झालं. तेवढ्यात व्यवस्थापक साहेब आले.

"दोन दिवस थांबला असतात तर काय बिघडलं असतं?"

"काही नाही," सिस्टर म्हणाली. "दोन दिवसांनी काका उरलेच नसते. दंड नक्की वाचला असता."

साहेबांनी लेकीकडे पाहिलं आणि नजर वळवली. "वर उत्तर तुम्ही द्यायचं."

"देईन. जरा बाजूला व्हा, वाटेत उभे आहात."

त्यांच्यामागे दुसऱ्या खुर्चीत एक म्हातारी छातीशी हात धरून बसली होती. डॉक्टरीणबाई तिच्यापाशी आधीच वाकल्या होत्या, हातात दाखल करायचा कोरा कागद.

"आजी, घरी जाऊन कितवा दिवस तुमचा?"

"मोजला नाही गं बाई."

"बरं केलंत," सिस्टर म्हणाली आणि तिच्या काखेत हात घातला. "चला, हळूच उठा."