शहामृगाची मागची तंगडी

कर्जत स्टेशनात घाट चढायला गाडीच्या मागून दुसरं इंजिन लावत, आणि लावताना असा दणका बसे की डब्यातली अनोळखी माणसं एकमेकांची विचारपूस करू लागत. एका पौषात त्या दणक्याने मालडब्यातला पिंजरा फुटला. पुण्याच्या छावणीतल्या कुणा गोऱ्या साहेबाने बागेच्या शोभेसाठी मागवलेलं पाखरू खाली उतरलं. त्याने एकवार घाटाकडे पाहिलं, तो बेत रद्द केला आणि कशेळ्याची वाट धरली.

दोन-चार दिवसांनी ते येसाजी पाटलांच्या वालात चरताना दिसलं. उंची माणसाच्या वर, मान उंटाची, डोळे एखाद्या रुसलेल्या सासूचे. राखणदार पळाला. त्याच्या आधी कुत्री पळाली होती. पाटलांनी डोंगरावरच्या कातकरवाडीत सांगावा धाडला, "कमळ्याला म्हणावं, तीरकमठा घेऊन ये. काय हाय ते मागनं बघू, आधी पाड."

कमळ्याने एका तीरात पाडलं.

वाडीत तेव्हा कंदमुळांवर दिवस काढणं चाललं होतं. कमळ्याची बायको सोमी बाळंतीण होती आणि पोराला पुरेल एवढं दूध तिला येत नव्हतं. पडलेल्या पाखराच्या त्या दोन दांडग्या तंगड्या बघून कमळ्या हसला. पौष सुटला, असं त्याला वाटलं.

पण गावाला शिकारीची रीत होती. जनावर पडलं तर मागची तंगडी पाटलांची, मुंडकं देवीचं, उरलेलं मारणाऱ्याचं. पाखरू पडलं तर सगळं मारणाऱ्याचं. लाव्या-तित्तिरात वाटा मागायची पाटलांना लाज वाटे. हे मात्र तित्तिराएवढं नव्हतं. लाज त्या मानाने कमी वाटली. चावडीवर बैठक बसली.

"पाखरूच हाय," कमळ्या म्हणाला. "पिसं बघा की. चोच बघा."

"उडतंय का?" पाटलांनी विचारलं.

"नाय."

"मंग पाखरू कसं रं? उडंल ते पाखरू."

"तुमची कोंबडी कुठं उडती?"

"कुपाटीवर तरी चढती. ह्ये चढंल का?"

"अंडी घालतंय, पाटील."

"कासव बी घालतंय. कासवाला पाखरू म्हंतोस व्हय?"

चावडी हसली. निकालासाठी जोशीबुवांकडे पाहिलं गेलं. जोशीबुवांना मांस चालत नव्हतं, म्हणून शिकारीच्या बाबतीत ते निःपक्षपाती समजले जात. त्यांची बाग पाटलांच्या पाटाच्या पाण्यावर होती, ती गोष्ट वेगळी. त्यांनी मुंबईला राणीच्या बागेत हा प्राणी पाहिला होता.

"याला शहामृग म्हणतात," ते म्हणाले. "आता पक्षी असता, तर कुणी मृग कशाला म्हणालं असतं?"

"बघ," पाटील म्हणाले. "उडत नाय, वर नावबी जनावराचं."

मग वाटणी झाली. मागची तंगडी पाटलांची. शहामृगाला पुढची तंगडी नसल्याने दोन्ही मागच्याच ठरल्या. पुढचे पाय म्हणून पंख कमळ्याला मिळाले. मानेसकट मुंडकं देवीला गेलं. कमळ्याने बरगड्यांचा पिंजरा खांद्यावर घेतला आणि पिसं सोमीच्या पोराला अंथरायला नेली. पोर उबेत निजलं. उपाशीच, पण उबेत.

आठवड्याने तालुक्याचा फौजदार आला. साहेबाचं पाखरू हरवलं होतं आणि साहेब चिडला होता. पिसं वाडीत सापडली. कमळ्याला चावडीवर आणलं, मागोमाग पोर काखेत घेऊन सोमी आली.

"यात आणखी कुणाचा वाटा होता?" फौजदाराने विचारलं.

"वाटा कसला, साहेब," पाटील म्हणाले. "जनावर असतं तर आमचा मान असता. पाखरात पाटलाचा वाटा नसतो. पिढीजात रीत हाय."

"शहामृग हा पक्षीच ना?"

"पक्षीच," जोशीबुवा म्हणाले. "पिसं आहेत, चोच आहे, अंडी घालतो. नावात काय असायचंय? आणि कोंबडी तरी कुठे उडते?"

कमळ्या ऐकत राहिला. त्याचाच शब्द न् शब्द होता, आणि या वेळी चावडीवर कुणी हसत नव्हतं. त्याचा चेहरा उजळला. सोमीने त्याचं धोतर मागून ओढलं, "गप रं," असं ती पुटपुटली. पण जिंकलेला माणूस गप बसतो थोडाच.

"मंग पाटील," तो म्हणाला, "पाखरू म्या मारलं, त्ये समदं माजं. माज्या दोन्ही तंगड्या द्या."

"ऐकलंत?" पाटील फौजदाराला म्हणाले. "तोंडानं कबूल झाला."

फौजदाराने पुढे काही विचारलं नाही. कमळ्याचे हात बांधले आणि त्याला ठाण्याच्या तुरुंगाकडे नेलं. पिसंही पुरावा म्हणून गेली, तेव्हा पोर जमिनीवर आलं.

दुसऱ्या दिवशी पाटलांचा गडी वाडीत आला. त्याने सोमीच्या दारात एक फडकं सोडलं. आत दोन लांबलचक हाडं होती, चाटूनपुसून स्वच्छ.

"पाटलांनी धाडलीत," गडी म्हणाला. "पाखरू मारणाऱ्याचं असतंय. रीत मोडाया नको म्हंले."